न दिसण्याचे प्रामाण्य

एखादी वस्तू आपल्याला दिसत नाही एवढ्यावरून ती तेथे नाही असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला केव्हा प्राप्त होतो, हा प्रश्न वरवर पाहता तर्कशास्त्राच्या वर्गातला, परीक्षेपुरता घोकून विसरून जाण्याजोगा वाटतो. परंतु ज्या मनुष्यावर सरहद्दीवरील आकाशाची राखण सोपविलेली आहे आणि ज्याने ‘आकाश मोकळे आहे’ अशी वर्दी दिली असता तिच्या भरवशावर हजारो माणसे निर्धास्त झोपी जाणार आहेत, त्याला हाच प्रश्न रोज, किंबहुना दर काही सेकंदांनी, सोडवावा लागतो, आणि त्याचे उत्तर चुकले तर त्याची किंमत दुसऱ्या कोणाला तरी प्राण देऊन चुकवावी लागते. ईश्वराच्या अस्तित्वाविषयी आस्तिक आणि नास्तिक यांच्यात शतकानुशतके चाललेल्या वादाचा एक मोठा भागही याच प्रश्नापाशी येऊन अडलेला आहे. ‘आम्हांस तो कोठे दिसत नाही, सबब तो नाही’ हे एका पक्षाचे म्हणणे. ‘तुम्हांस दिसत नाही एवढ्याने काय सिद्ध झाले?’ हे दुसऱ्या पक्षाचे. या दोघांमध्ये निवाडा करावयाचा तर न दिसण्याला पुराव्याची योग्यता कधी येते हे आधी ठरविले पाहिजे. आणि ते ठरविण्यासाठी, जमिनीलगत उडत येणारी विमाने हुडकून काढणाऱ्या फिरत्या लष्करी रडारच्या व्यवहाराइतका चोख दाखला मला दुसरा आढळलेला नाही.

आपल्या दर्शनकारांनी या विषयाची फार बारकाईने छाननी करून ठेवलेली आहे. ईश्वरकृष्णाला सांख्यकारिकेत प्रकृतीचे अस्तित्व सिद्ध करावयाचे होते आणि प्रकृती तर कोणाच्याच डोळ्यांना दिसत नाही. तेव्हा ‘दिसत नाही म्हणून नाही’ हा आक्षेप प्रथम दूर करणे त्याला भाग होते. सातव्या कारिकेत त्याने, वस्तू विद्यमान असूनही तिची उपलब्धी का होत नाही, याची आठ कारणे दिली आहेत. वस्तू फार लांब असेल, फार जवळ असेल, पाहणाऱ्याच्या इंद्रियाला अपाय झाला असेल, त्याचे मन ठिकाणावर नसेल, वस्तूच अतिसूक्ष्म असेल, मध्ये काही आड आले असेल, अधिक प्रखर तेजाने ती झाकोळली असेल, किंवा आपल्यासारख्याच इतर वस्तूंत ती मिसळून गेली असेल. वाचस्पतिमिश्रांनी यांपैकी एकेका कारणाला उदाहरण जोडले, आणि त्यांतील पहिलेच उदाहरण आकाशात उडत दूर गेलेल्या पक्ष्याचे आहे. डोळ्यांतले अंजन डोळ्याला दिसत नाही ते अतिसामीप्यामुळे. दिवसा नक्षत्रे लोपतात ती सूर्याच्या तेजाने. मेघांतून सरोवरात पडलेले थेंब पुन्हा वेगळे काढून दाखविता येत नाहीत ते सारख्यात सारखे मिसळल्यामुळे. रडारच्या पडद्यासमोर बसणाऱ्या सैनिकाला ही हजार वर्षांहून जुनी यादी वाचून दाखविली, तर आपल्याच रोजच्या अडचणींची कोणीतरी पद्धतशीर नोंद करून ठेवली आहे, असे त्याला वाटल्यावाचून राहणार नाही.

रडारचे तत्त्व साद घालून पडसाद ऐकण्याचे आहे. विद्युच्चुंबकीय लहरींचा अत्यल्पकाळ टिकणारा एक झोत अँटेनातून बाहेर पडतो, तो ३० किलोमीटरांवरील विमानावर आपटून परत येण्यास सेकंदाचा पाचहजारावा भाग लागतो, आणि या कालावधीच्या मापनावरून अंतर व अँटेनाच्या रोखावरून दिशा कळते. झोत बाहेर पडत असेपर्यंत ग्राहकाचे कान बंद ठेवावे लागत असल्यामुळे अगदी निकटची वस्तू त्याला उमजत नाही. वाचस्पतिमिश्रांचे अंजन ते हेच. परंतु खरी अडचण याहून मोठी आहे. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे. वातावरणामुळे त्या किंचित खाली वाकतात आणि त्यामुळे रडारचे क्षितिज डोळ्याच्या क्षितिजापेक्षा थोडे पलीकडे पडते, एवढीच काय ती निसर्गाने दिलेली सवलत. ज्या रडारची अँटेना जमिनीपासून ५ मीटर उंचीवर आहे त्याला, त्याच्या अंगी पुरेशी शक्ती असली तर, १०,००० मीटर उंचीवरचे विमान ४०० किलोमीटरांवरूनही क्षितिजाच्या वर दिसू शकेल. तेच विमान ३० मीटरांवर उतरले की सुमारे ३२ किलोमीटरांच्या आत येईपर्यंत त्याचा थांगपत्ता लागावयाचा नाही. ताशी ९०० किलोमीटर वेगाने येणाऱ्या विमानाला हे अंतर तोडावयास दोन मिनिटे आणि वर काही सेकंद पुरतात. आणि तेही जमीन तळहातासारखी सपाट असेल तर. मध्ये एखादी टेकडी, एखादी आमराई, एखादे खेडे असले तर ती दोन मिनिटेही हाती उरत नाहीत.

रडारच्या जन्मापासूनच ही उणीव त्याच्याबरोबर आलेली आहे. १९३५ च्या फेब्रुवारीत इंग्लंडमध्ये डेव्हेंट्रीजवळ वॉटसन-वॉट यांनी आपला प्रसिद्ध प्रयोग केला, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत त्या देशाच्या किनाऱ्यावर उंच मनोऱ्यांची ‘चेन होम’ नावाची साखळी उभी राहिली. तरी तिच्या नजरेखालून समुद्रालगत विमाने निसटू शकतात असे दिसून आल्यावर १९३९ पासून खालच्या आकाशासाठी ‘चेन होम लो’ ही निराळी साखळी उभारावी लागली. ज्यांनी आपल्याकडचे डोंगरी किल्ले पायी हिंडून पाहिले आहेत त्यांना यात नवल वाटण्याचे कारण नाही. गडाच्या माथ्यावरून वीस कोसांचा मुलूख नजरेत येतो, पण कड्याच्या खालची, झाडीने भरलेली उतरण मात्र माथ्यावरच्या पहारेकऱ्याला दिसत नाही. म्हणूनच गडाच्या घेऱ्यात, उतरणीवर आणि पायथ्याशी, जागोजागी मेटे बसविलेली असत आणि मेटकऱ्यांनी रात्रंदिवस चौकी द्यावी असा जाबता असे. उंचावरून पुष्कळ दिसते म्हणून सर्वच दिसते, हा समज त्या काळच्या कारभाऱ्यांनी कधी करून घेतला नाही.

१९७१ च्या युद्धात आपल्या हवाई दलानेही मेटेच बसविली होती असे म्हणावयास हरकत नाही. त्या वर्षी ३ डिसेंबरला सायंकाळी पाकिस्तानी विमाने अमृतसर, पठाणकोट, श्रीनगर अशा तळांवर चालून आली. आणि खालून येणाऱ्या विमानांची खबर देण्याच्या कामी त्या काळी हवाई दलाची मोठी भिस्त होती ती सरहद्दीलगत पेरलेल्या फिरत्या टेहळणी चौक्यांवर. या चौक्यांत यंत्र म्हणून काय होते, तर एक बिनतारी संच आणि दुर्बीण. बाकी सारा कारभार दोन-चार माणसांच्या डोळ्यांवर आणि कानांवर. विमान डोक्यावरून जावयाचे, माणसाने त्याची संख्या आणि दिशा क्षणात टिपावयाची, आणि विमान आपल्या लक्ष्यावर पोहोचण्याच्या आत ते शब्द बिनतारीवरून मागे पोहोचावयाचे. उघड्या माळावर, डिसेंबरच्या थंडीत, ज्या आकाशात बहुतेक वेळ काहीच नसते त्या आकाशाकडे तासन्‌तास पाहत राहणे हे काम लढाईच्या वर्णनांत फारसे येत नाही. मला मात्र ते धैर्याच्या कोणत्याही कृत्याइतकेच आदरणीय वाटते. कारण मन ठिकाणावर नसणे ही गोष्ट ईश्वरकृष्णाने आठांत मोजली आहे आणि काहीच घडत नसताना ती टाळणे हे आठांतले सर्वांत कठीण काम आहे.

पुढे या कामासाठी भारतात रडार तयार झाले त्याचे नाव ‘इंद्र’. संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या बंगळूर येथील प्रयोगशाळेने त्याची रचना केली व भारत इलेक्ट्रॉनिक्सने ते बनविले. त्या संघटनेने स्वतः आखलेले आणि संख्येने तयार होऊन फौजेच्या हवाली झालेले हे पहिले मोठे रडार होय. ते गाड्यांवर बसविलेले असल्यामुळे आज येथे तर उद्या तेथे तैनात करता येते. अशा रडारच्या गाड्या मुक्कामी पोहोचल्या की आधी जागा निरखावी लागते. समोर दाट झाडी नको, टेकाड नको, उंच इमारत नको. मग गाडीच्या कोपऱ्यांना टेकू लावून, पाणसळीचा बुडबुडा मध्यावर येईपर्यंत ती समतल करावयाची, कारण अँटेना अंशभर जरी कलली तरी एका दिशेचा झोत मातीत रुतेल आणि विरुद्ध दिशेचा वर उचलला जाऊन नेमकी खालची विमाने त्याच्या तळाखालून निसटतील. मग घडी घातलेली अँटेना उलगडून उभी करावयाची, जनित्र सुरू करावयाचे, उत्तर दिशा बिनचूक जुळवून घ्यावयाची आणि मगच अंधूक उजेडाच्या केबिनीत पडद्यासमोर बसावयाचे. डोंगराळ मुलखासाठी ‘भरणी’ आणि ‘आश्लेषा’ ही हलकी रडारे पुढे निघाली. ती सुटी करून माणसांच्या पाठीवरून अथवा जनावरांवरून वर चढविता येतात.

रडार फिरते असावे लागते त्याची कारणे दोन. एका ठिकाणी पक्के बसविलेल्या रडारच्या भोवती कोठे कोठे छाया पडते याचा नकाशा शत्रू निवांतपणे काढू शकतो आणि दऱ्यांतून, नदीच्या पात्रातून, त्या छायेच्या आडोशाने वाट शोधू शकतो. रडार हलले की छायाही हलतात आणि त्याचा नकाशा व्यर्थ होतो. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. रडार अंधारात साद घालते, आणि साद घालणाऱ्याचा ठावठिकाणा ती ऐकणाऱ्या प्रत्येकाला कळतो. त्याच्या लहरींचा माग धरून त्याच्यावरच येऊन आदळणारी क्षेपणास्त्रे १९६० नंतरच्या दशकातच वापरात आली. पाहणाऱ्याने स्वतःला उघड करावयाचे आणि उघड झाल्याची जोखीम पत्करावयाची, हा या दर्शनाचा दंडक आहे. ज्ञान फुकट मिळत नाही हे आपण एरवीही ऐकतो; येथे मात्र ज्ञात्याला जागेवरून उठून, ज्या बाजूला अज्ञान आहे त्या बाजूला स्वतःचा देह घेऊन जावे लागते.

इतकी सिद्धता करून पडदा सुरू केला म्हणजे प्रथम दिसते ती जमीन. खाली रोखलेला झोत टेकड्यांवर, झाडांवर, घरांवर, विजेच्या मनोऱ्यांवर आपटतो आणि त्या सर्वांचे पडसाद विमानाच्या पडसादापेक्षा कितीतरी पटींनी बलवान असल्यामुळे पडद्याचा मध्यभाग त्यांनीच भरून जातो. विमान तेथे असते, त्याचा पडसादही आलेला असतो, परंतु तो सरोवरात पडलेल्या थेंबासारखा हरवलेला असतो. यावर उपाय निघाला तो ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ डॉप्लर याने १८४२ साली सांगितलेल्या नियमातून. जवळ येणाऱ्या वस्तूवरून परतलेल्या लहरींची कंप्रता किंचित वाढते, दूर जाणाऱ्या वस्तूवरून परतलेल्या लहरींची घटते आणि अचल वस्तूवरून ती होती तशीच परत येते. तेव्हा ज्या ज्या पडसादात असा फरक नाही तो तो वजा करून टाकला की जमीन पडद्यावरून नाहीशी होते आणि हलणारे तेवढे उरते. उपाय अत्यंत सुंदर आहे, पण तो निर्दोष नाही. विमान रडारच्या रोखाने किंवा रडारपासून दूर न जाता, क्षणभर त्याला काटकोनात आडवे उडाले, तर त्या क्षणी ते रडारपासून ना जवळ येत असते ना दूर जात असते, आणि गाळणी त्यालाही अचल समजून टाकून देऊ शकते. ताशी शेकडो किलोमीटर वेगाने जाणारी वस्तू यंत्राच्या हिशेबी डोंगराइतकी स्थिर ठरते.

हे सारे ध्यानात घेऊन आता पडदा रिकामा असतो त्या क्षणाकडे पाहू. भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले. भूतलावर घट नाही हे ज्ञान डोळ्याने होत नाही, कारण डोळा जे आहे त्याच्याशी जोडला जातो, जे नाही त्याच्याशी नव्हे, असा कुमारिलभट्टाचा पक्ष. प्राभाकरांनी ते नाकारले, नैयायिकांनी अभावाचेही प्रत्यक्षच होते असे म्हणून निराळी वाट काढली, अद्वैत्यांनी भाट्टांची बाजू उचलली. हा तपशिलाचा झगडा कितीही रंगलेला असला तरी एका अटीवर बहुतेकांचे एकमत आहे आणि माझ्या मते सगळ्या चर्चेचा गाभा तीच अट आहे. ‘ती वस्तू येथे असती तर मला नक्की दिसली असती’ असे ज्या ठिकाणी खात्रीने म्हणता येते, त्याच ठिकाणी तिचे न दिसणे हा तिच्या अभावाचा पुरावा होतो. लख्ख उजेडात, उघड्या जमिनीवर, निरोगी डोळ्यांना घट दिसला नाही तर घट नाही. अंधारात दिसला नाही तर त्यावरून काहीच ठरत नाही. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. सपाट मैदानात नीट समतल केलेल्या, जागरूक माणसाच्या हातातल्या रडारला दोनशे मीटर उंचीवर, त्याच्या पल्ल्याच्या आत, समोरून येणारे विमान दिसले नाही तर ते विमान नाही, असे म्हणण्याचा त्या माणसाला अधिकार आहे. पुढच्या टेकडीमागच्या दरीविषयी मात्र त्याच पडद्याचे तेच रिकामेपण मुके असते. दोन्ही रिकामेपणे दिसावयास सारखी आहेत, आणि त्यांतला भेद पडद्यावर कोठेही उमटत नाही. तो भेद आपल्या यंत्राच्या मर्यादा ओळखणाऱ्या माणसाच्या मनातच असतो. फिरते रडार पुढे नेणे, अँटेना उंच करणे, दोन रडारांच्या छाया एकमेकांकडून भरून घेणे, ही सर्व धडपड मुळात ‘नाही’ हा शब्द उच्चारण्याची पात्रता मिळविण्यासाठी आहे. अँटेना ५ मीटरांवरून २५ मीटरांवर उचलली तर ३० मीटर उंचीवरच्या विमानासाठी क्षितिज ३२ किलोमीटरांवरून ४३ किलोमीटरांवर सरकते. ‘नाही’ या शब्दाच्या राज्याची हद्द ११ किलोमीटरांनी वाढते, एवढाच त्याचा अर्थ.

दिसल्यावरही काम संपत नाही. ७ डिसेंबर १९४१ रोजी सकाळी हवाई बेटांतील ओआहू या बेटाच्या उत्तर टोकाला, ओपाना येथे, एका फिरत्या रडारवर दोन तरुण शिपाई होते. त्यांची पाळी सात वाजता संपली होती. न्यावयास येणारी गाडी यावयाची होती म्हणून सरावासाठी त्यांनी यंत्र चालू ठेवले, आणि ७ वाजून २ मिनिटांनी त्यांना दोनशेहून अधिक किलोमीटरांवर विमानांचा इतका मोठा समूह दिसला की प्रथम त्यांना यंत्रच बिघडल्याचा संशय आला. त्यांनी खबर दिली. माहिती केंद्रावरील अधिकाऱ्याला त्याच सकाळी अमेरिकेहून आपलीच बाँबफेकी विमाने यावयाची आहेत अशी कल्पना होती. त्याने काळजी करू नका असे सांगितले. ७ वाजून ५५ मिनिटांनी पर्ल हार्बरवर बाँब पडू लागले. यंत्राचे इंद्रिय निर्दोष होते, शिपायांचे मन ठिकाणावर होते, वस्तू दिसली होती, तरीही ज्ञान झाले नाही; कारण अपेक्षेने भरलेल्या मनात शत्रूची विमाने मित्राच्या विमानांत, सारख्यात सारखी, मिसळून गेली. ५ जून १९६७ रोजी इस्रायलची विमाने भूमध्य समुद्रावर पाण्यालगत उडत इजिप्तच्या तळांवर गेली तेव्हा जॉर्डनमधील अजलूनच्या डोंगरावरील रडारने ती टिपली होती आणि सांकेतिक शब्दही धाडला होता. पण संकेत आदल्या दिवशी बदलल्यामुळे तो पलीकडे उलगडला नाही. प्रत्यक्ष शाबूत राहिले, शब्दप्रमाणाने दगा दिला.

आणि याच्या उलट बाजूचा दाखला याहून क्लेशदायक आहे. ३ जुलै १९८८ रोजी इराणच्या आखातात ‘व्हिन्सेन्स’ या अमेरिकन युद्धनौकेवरील लोकांना बंदर अब्बासहून दुबईला निघालेले प्रवासी विमान आपल्यावर झेप घेत येणारे लढाऊ विमान वाटले. यंत्रात विमान वर चढत असल्याची नोंद होत होती. माणसे ते खाली येत आहे असे सांगत होती. २९० माणसे मेली. प्राभाकर म्हणतात की भ्रम म्हणजे समोर दिसणारी वस्तू आणि स्मरणातली वस्तू यांतला भेद न उमगणे. शिंपी समोर असते, रुपे स्मरणात असते, आणि दोहोंमधली फट मनाला दिसत नाही. त्या दिवशी समोर एक विमान होते आणि मनात भयाने आणून ठेवलेले दुसरे. मी या घटनेचा विचार जितका करतो तितके मला वाटते, की न दिसलेल्या शत्रूमुळे होणाऱ्या अनर्थाइतकाच, नसलेला शत्रू दिसल्यामुळे होणारा अनर्थ हाही पहारेकऱ्याच्या धर्माचा विषय आहे, आणि ‘आहे’ म्हणण्याची पात्रताही ‘नाही’ म्हणण्याच्या पात्रतेइतकीच कष्टाने मिळवावी लागते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. ऋग्वेदातील वरुण हा सर्व पाहणारा देव आहे. आकाशातून उडणाऱ्या पक्ष्यांची वाट आणि समुद्रावरील नौकांचे मार्ग त्याला ठाऊक आहेत, त्याचे हेर सर्वत्र आहेत, अशी त्याची स्तुती ऋषींनी केली आहे. ज्याच्या नजरेला छाया नाही असा द्रष्टा मनुष्याने फार पूर्वीच कल्पिला. तो खरोखरच आहे काय, हे मात्र छायांनी वेढलेल्या नजरेने ठरवावयाचे आहे. दहाव्या शतकात उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’च्या तिसऱ्या स्तबकात या प्रश्नाला थेट हात घातला. केवळ न दिसण्यावरून अभाव ठरत असेल तर घराबाहेर पडलेल्या चार्वाकाने आपली बायकामुले दिसत नाहीत म्हणून ती नाहीतच असे धरून ऊर बडवून रडावयास हवे, असे त्यांनी प्रतिपक्षाला ऐकविले. आणि ईश्वर ही इंद्रियांना दिसण्याजोगी वस्तूच नसल्यामुळे तिच्या न दिसण्याने काही सिद्ध होत नाही असा निर्णय दिला. विशेष हे, की ईश्वराचे खंडन करणारा बौद्ध आचार्य धर्मकीर्ती याचेही या अटीपुरते मत तेच आहे. जे दिसण्याजोगे नाही त्याच्या न दिसण्यातून संशय तेवढा निघतो, निश्चय निघत नाही, असे तो म्हणतो. दोन कट्टर प्रतिस्पर्धी जेव्हा एका अटीवर एकत्र येतात तेव्हा ती अट पक्षपाताने जन्मलेली नाही याची खात्री बाळगावी.

डॉप्लरच्या गाळणीचा विचार करताना मला आणखी एक गोष्ट जाणवते. हलणारे तेवढे ठेवावे आणि अचल ते वजा करावे, हा जो नियम आपण रडारला शिकविला आहे तो आपल्या इंद्रियांच्या स्वभावातही खोलवर मुरलेला आहे. जे बदलते त्याकडे लक्ष वेधले जाते, जे सदैव तसेच असते ते जाणिवेतून गळून पडते. वेदान्ती ज्याला कूटस्थ म्हणतात, सर्व बदलांखाली न बदलणारे म्हणतात, ते जर असेल तर आपल्या इंद्रियांच्या गाळणीने ते कधीच पडद्यावर येऊ द्यावयाचे नाही. शिवाय ज्या पडद्यावर सभोवारचे सारे उमटते त्याच्या मध्यबिंदूवर स्वतः रडार असते आणि त्याचा पडसाद मात्र कधी उमटत नाही. जाणणाऱ्याला जाणण्याविषयी याज्ञवल्क्याने मैत्रेयीपुढे मांडलेला प्रश्न तेथे यंत्राच्या रूपाने उभा आहे. यावरून कूटस्थ आहे असे सिद्ध होत नाही, हे मी तितक्याच स्पष्टपणे सांगतो. टेकडीमागे काय आहे हे दिसत नाही, यावरून टेकडीमागे विमान आहे असे जो म्हणेल त्याला कोणताही शहाणा अधिकारी हुद्द्यावर ठेवणार नाही. न दिसण्याच्या आडोशाला मनास येईल ते नेऊन बसविण्याची आणि त्यावर लोकांकडून दक्षिणा उकळण्याची जी रीत आपल्या समाजात बोकाळलेली आहे तिला उदयनाचार्यांचा आधार मिळत नाही. ईश्वर आहे हे सांगण्यासाठी त्यांनी न दिसण्यावर भिस्त ठेवली नाही, त्यासाठी वेगळी अनुमाने पाचव्या स्तबकात मांडली.

तेव्हा या वादात माझा कौल उदयनाचार्यांच्या अटीच्या बाजूने आहे, त्यांच्या निष्कर्षाच्या बाजूने नाही. त्यांची अनुमाने मला पटलेली नाहीत. परंतु ‘दिसत नाही म्हणून नाही’ हे वाक्य माझ्या लेखी ईश्वराच्या विषयापुरते बाद झालेले आहे आणि जो ते उच्चारील त्याने आपण कोठून पाहिले, कोणत्या साधनाने पाहिले आणि आपल्या नजरेची छाया कोठे पडते याची कैफियत आधी द्यावी, असा माझा आग्रह आहे. ‘आहे’ म्हणणाऱ्यालाही हीच कैफियत लागू आहे. ज्या वाचकांना हा प्रश्न आपला वाटत असेल त्यांनी सांख्यकारिकेची सातवी कारिका वाचस्पतिमिश्रांच्या टीकेसह आणि कुसुमांजलीचा तिसरा स्तबक एखाद्या जाणत्या शास्त्र्याजवळ बसून एकदा अवश्य वाचावा. दोन्ही ग्रंथ छापलेले आहेत आणि आमच्या जुन्या वाचनालयांत अद्याप मिळतात.